सासऱ्यांची अर्धवट राहिलेली १९३१ ची फोर्ड : कागदपत्रांपासून रस्त्यापर्यंत

ऑगस्ट २०२१ मध्ये माझे सासरे गेले. त्यांच्या मागे कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या घरात एक गॅरेज राहिलं आणि गॅरेजमध्ये एक गाडी : १९३१ ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर, म्हणजे पक्क्या छताविना उघडी गाडी. गाडी म्हणजे चेसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) दोन लाकडी घोड्यांवर, बॉडी कोपऱ्यात उभी आणि बाकी सगळं खोक्यांत. त्यांनी ती १९७८ साली एका शेतावरून घेतली होती. काही वर्षं चालवली, मग १९८३ नंतर नोंदणीच केली नाही. निवृत्तीनंतर तिची हॉट रॉड, म्हणजे जास्त वेगासाठी बदललेली गाडी, करायची म्हणून त्यांनी ती शेवटच्या बोल्टपर्यंत खोलली, तीही दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या धाटणीची हॉट रॉड. सासूबाईंनी मला विचारलं, तू करणार असशील तर ठेवू, नाहीतर विकू. मी करते म्हणाले.

मी मूळची कोल्हापूरची, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. लहानपणी उद्यमनगरात काकांच्या वर्कशॉपमध्ये बराच वेळ काढलाय, त्यामुळे लेथ आणि ओतकाम परकं नव्हतं. पूर्ण गाडी मात्र कधी बांधली नव्हती. या विषयावर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, पण ते बहुतेक अशा लोकांसाठी, ज्यांनी आधी दोन-चार गाड्या बांधल्या आहेत. दुसऱ्याची अर्धी गाडी वारशात आली तर पहिलं काय करायचं, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. तुम्ही टेक्सासात किंवा न्यू जर्सीत असाल तर तिथले बघून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्यावरच पुढचे सगळे निर्णय झाले. फोर्डने मॉडेल ए १९२७ च्या अखेरीपासून १९३२ च्या सुरुवातीपर्यंत बनवली, जवळपास पन्नास लाख. चार सिलिंडर, ४० अश्वशक्ती. तिसाच्या दशकात मंदीच्या काळात या गाड्या जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळायच्या. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं त्या घ्यायची, मडगार्ड आणि काच काढून वजन कमी करायची, इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवायची आणि मोहावी वाळवंटातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर वेग आजमावायला न्यायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना काढली. ती आजही एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर शर्यती घेते. म्युरॉकचं तळं मात्र लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. ‘हॉट रॉड’ हा शब्द युद्धानंतर रूढ झाला. आधी या गाड्यांना ‘गो जॉब’ म्हणत. युद्धानंतरच्या हॉट रॉडचं चित्र डोळ्यासमोर आणलं की फोर्डचं आठ सिलिंडरचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन येतं. पण १९३८-४० मध्ये कितीतरी पोरं चार सिलिंडरचंच इंजिन तयार करून पळवत होती. सासऱ्यांना तशी गाडी हवी होती. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम होता : डोळ्याला दिसणारा एकही भाग १९४१ नंतरच्या बनावटीचा नको.

पण वहीआधी कागद. हे मी ठासून सांगते. हातात पाना घेण्याआधी गाडी कागदोपत्री तुमची करून घ्या. अर्धी बांधलेली गाडी नावावर नसेल तर तिच्यात घातलेला प्रत्येक डॉलर टांगणीला लागतो.

कॅलिफोर्नियात गाडीच्या मालकीच्या कागदाला जुने लोक पिंक स्लिप म्हणतात, कारण तो पूर्वी गुलाबी असायचा. सासऱ्यांची पिंक स्लिप फाइलिंग कॅबिनेटमध्ये मिळाली, हे आमचं मोठं भाग्य. ती नसती तर हरवलेल्या कागदाचा अर्ज, गाडीच्या किमतीचा अंदाज आणि किंमत ५,००० डॉलर किंवा त्यापेक्षा जास्त असेल तर शुअरिटी बाँड (मालकीबद्दलचं हमीपत्र), एवढं सगळं मागे लागलं असतं. गाडी फक्त त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. अशा वेळी न्यायालयात न जाता हस्तांतर करण्यासाठी डीएमव्हीचा, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याचा, रेग ५ नावाचा फॉर्म असतो. वारसाने प्रतिज्ञेवर सही करायची, सोबत मृत्यूचा दाखला आणि मूळ पिंक स्लिप जोडायची. मृत्यूनंतर ४० दिवस उलटल्याशिवाय हा फॉर्म देता येत नाही. त्यामुळे सप्टेंबर तसाच गेला. ऑक्टोबरात सासूबाईंनी सही केली आणि गाडी थेट माझ्या नावे करायला दिली. हस्तांतराचं शुल्क १५ डॉलर. वारशाने येत असल्यामुळे विक्रीसारखा कर लागला नाही. त्यासाठी रेग २५६ या फॉर्मवर तसं लिहून द्यावं लागतं. त्याच फॉर्मवर गाडी १९८३ पासून रस्त्यावर आलेली नाही, हेही लिहून दिलं.

खिडकीवरच्या बाईंनी नंबर संगणकात टाकला आणि म्हणाल्या, ही गाडी आमच्याकडे दिसत नाही. फार वर्षं नोंदणी न झालेल्या गाड्यांची माहिती चालू यादीतून निघून जाते, हे मला आधीच एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं होतं, म्हणून धक्का बसला नाही. अशा गाडीची प्रत्यक्ष पडताळणी करून घ्यावी लागते. ती डीएमव्हीचे कर्मचारी करतात, हायवे पेट्रोल (राज्याचे महामार्ग पोलीस) करतं किंवा परवानाधारक खाजगी पडताळणीदार करतो.

आणि इथे मॉडेल एची एक मोठी खोच आहे. या गाडीला आजच्यासारखा वेगळा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) नाही. कारखान्यात इंजिनावर जो क्रमांक ठोकला जायचा, तोच चेसीवर ठोकला जायचा, आणि पिंक स्लिपवरही तोच असतो. इंजिनं तर नव्वद वर्षांत चार वेळा बदलतात. आमच्या गाडीचं मूळ इंजिन केव्हाच गेलेलं, सासऱ्यांनी आणून ठेवलेलं इंजिन १९३२ च्या मॉडेल बीचं. म्हणजे कागदाशी जुळणारा एकच क्रमांक उरला, चेसीवरचा. तो डाव्या रेलच्या (चेसीच्या लांब तुळईच्या) वरच्या अंगाला, पेडलांच्या आसपास असतो, आणि बॉडी बसवली की तिच्याखाली झाकून जातो. बॉडी बसलेली गाडी घेऊन गेलात तर क्रमांक दाखवायला सगळं उचकटावं लागतं. आमची चेसी उघडी होती. मी पितळी ब्रश आणि रॉकेलने हलक्या हाताने गंज काढला. सँडपेपर किंवा ग्राइंडर तिथे अजिबात लावू नका, आकडे पुसट झाले तर प्रकरण हायवे पेट्रोलकडे जातं. तिरक्या उजेडात एकेक आकडा वर आला : आधी चांदणी, मग ‘ए’, मग सात आकडे, मग पुन्हा चांदणी. पिंक स्लिपशी पडताळून पाहिलं, सगळे जुळले. मी आणि सासूबाई दोघी तिथेच फरशीवर बसून पुन्हापुन्हा ते वाचत होतो.

पडताळणीदार घरी आला, त्याने रेग ३१ हा पडताळणीचा फॉर्म भरून दिला आणि साधारण ९० डॉलर घेतले. त्याला समोर ठेवून आकड्यांचे फोटो काढले, बाजूला पट्टी ठेवून. या फोटोंची गरज पुढे पडलीच. जानेवारी २०२२ मध्ये माझ्या नावाचा नवा कागद टपालाने आला आणि गाडी ‘सध्या चालवणार नाही’ या वर्गात टाकून ठेवली, म्हणजे बांधकाम चालू असेपर्यंत पूर्ण नोंदणीचे पैसे भरावे लागत नाहीत.

हा खटाटोप का, ते सांगते. जुनी चेसी आणि जुना कागद शाबूत असेल तर तुमची गाडी कायद्याने ‘१९३१ फोर्ड’ राहते. पेट्रोलच्या १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या चाचणीतून सूट आहे, ती मिळते. उलट, नवी चेसी आणि फायबरची नवी बॉडी घेऊन बांधलीत, तर ती ‘विशेष बांधणीची गाडी’ ठरते. तशा गाड्यांना जुन्या गाडीप्रमाणे धुराची सवलत हवी असेल, तर राज्यभरात वर्षाला फक्त ५०० प्रमाणपत्रं मिळतात. म्हणून स्वच्छ कागद असलेली गंजकी चेसी बिनकागदाच्या चकचकीत चेसीपेक्षा मोलाची. वारशाच्या गॅरेजची साफसफाई करताना जुनी फाइल फेकू नका.

त्या हिवाळ्यात मी काहीच जोडलं नाही, फक्त मोजदाद केली. सासरे विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रकारागीर होते, आणि त्यांचं प्रत्येक खोकं तसं बोलत होतं. प्रत्येक भागाला तारेने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल, त्यावर पेन्सिलीने भाग, वर्ष, माप. एका ब्रेक ड्रमवर लिहिलं होतं : ‘डावा पुढचा, १९३९. घासून झाला. यापुढे घासू नये.’ ते ‘यापुढे घासू नये’ वाचून मी थांबले. हे लेबल त्यांनी स्वतःसाठी लिहिलेलं नाही, असं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं. मी प्रत्येक लेबलाचा फोटो काढला, वहीतल्या पानाशी जोडला आणि तीन याद्या केल्या : आहे आणि चांगलं आहे, आहे पण दुरुस्ती हवी, नाही. हे करायला कंटाळा येतो, पण यादी होण्याआधी एकही भाग विकत घेऊ नका. मला जे हवं वाटत होतं त्यातलं निम्मं कुठल्यातरी खोक्यात निघालं.

फेब्रुवारीत चेसीला हात घातला. मॉडेल एचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १०३½ इंच. चेसी सपाट फरशीवर ठेवून दोन्ही कर्ण मोजले, फरक पाव इंचाच्या आत होता, म्हणजे चेसी वाकलेली नव्हती. पुढच्या क्रॉसमेंबरचे (आडव्या तुळईचे) रिव्हेट सैल झाले होते. बरेच जण तिथे बोल्ट मारून मोकळे होतात. वहीत ‘गरम रिव्हेट’ असं लिहिलं होतं, तेच केलं. एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी टॉर्च आणि हवेचा हातोडा घेऊन येऊन एका शनिवारात काम संपवलं. रिव्हेट लालबुंद असताना ठोकला की थंड होताना आक्रसतो आणि दोन्ही पत्रे ओढून धरतो. बोल्टने तसा घट्टपणा सहज येत नाही.

ब्रेक हा माझा आणि वहीचा एकमेव मतभेद. मॉडेल एचे ब्रेक सळयांवर चालणारे, यांत्रिक. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ साली आणले, बाकी बड्या कंपन्यांच्या बरेच नंतर, आणि त्या काळच्या पोरांनी लगेच ते भंगारातल्या नव्या गाड्यांतून काढून जुन्या गाड्यांना लावले. १९३७ ते ४१ चे स्टब ॲक्सल (ज्यांवर पुढची चाकं बसतात) मॉडेल एच्या पुढच्या ॲक्सलवर थोड्या कामाने बसतात, आणि त्यांवर १९३९ चे ब्रेक. सासऱ्यांनी हे सगळं जमवून ठेवलं होतं, चाकंही १९३५ ची १६ इंची तारांची. फक्त मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा भाग, १९३९ चा मूळ, एकाच सर्किटचा. त्यात कुठेही गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मी दोन सर्किटचा आधुनिक सिलिंडर लावला. तो पायाखालच्या फळ्यांच्या खाली आहे, दिसत नाही, म्हणून नियमही मोडला नाही. मूळ सिलिंडर लेबलासकट जपून ठेवलाय. या गाडीत लहान मुलंही बसणार, त्यामुळे इथे मला फार विचार करावा लागला नाही.

नवे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे), चाकांचे सिलिंडर, होज आणि पाइप मिळून ९०० डॉलरच्या आसपास गेले. एक उपयोगी युक्ती : शूवर खडू घासायचा, ड्रम बसवून हाताने फिरवायचा आणि काढून बघायचं. जिथला खडू पुसला तिथेच शू टेकतोय. शूची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळली नसेल तर फक्त टोकं पुसली जातात, आणि मग कितीही ॲडजस्ट करा, पेडल स्पंजासारखं राहतं. शू ड्रमच्या मापाला घासून देणारी दुकानं कमी उरली आहेत. मला एक ट्रकचे ब्रेक करणारं दुकान मिळालं.

इंजिनाने सगळ्यात जास्त वाट बघायला लावली. मॉडेल बीचं इंजिन दिसायला मॉडेल एसारखंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३⅞ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४¼ इंच, पण क्रँक जाड. मेन जर्नल (बेअरिंगात फिरणारा क्रँकचा भाग) एमध्ये १⅝ इंचाचे, बीमध्ये २ इंचाचे. कारखान्यातूनच ५० अश्वशक्ती, मेन बेअरिंगांना दाबाने तेल, आणि ठिणगीची वेळ आपोआप पुढे घेणारा डिस्ट्रिब्युटर. म्हणूनच तिसाच्या दशकातल्या पोरांना हे इंजिन आवडायचं. पण बेअरिंगं ओतीव. व्हाइट मेटल, म्हणजे बॅबिट, थेट ब्लॉकमध्ये ओतून मग मापाला बोअर करायचं. हे काम करणारी माणसं आता फार थोडी.

एप्रिल २०२२ मध्ये ब्लॉक, क्रँक आणि रॉड एका दुकानात दिले. चार महिने सांगितले होते, हातात आलं मार्च २०२३ मध्ये. मधल्या काळात फोन उचलले जायचे नाहीत, आणि सासऱ्यांनी इतकी वर्षं जपलेला ब्लॉक कुठे पडलाय याची काळजी मला रात्री यायची. तुम्ही देणार असाल तर तीन गोष्टी करा. ब्लॉकवरच्या ओतीव खुणा आणि क्रमांक यांचे फोटो काढून दुकानदाराच्या सहीने पावती घ्या. बॅबिट तिथेच ओतलं जातं की बाहेर पाठवतात, ते विचारा. आणि आगाऊ रक्कम कामाच्या टप्प्यांना बांधा.

एक गोष्ट मात्र त्या दुकानाने मनापासून केली. ओतायच्या दिवशी मला उभं राहून बघू दिलं. मी कोल्हापूरला काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र होती, पण काका चष्मा लावून बसले. उसाच्या गुऱ्हाळावरच्या आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनांची बेअरिंगं त्यांनी आयुष्यभर ओतली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न : “ब्लॉक तापवून घेतलाय न्हवं? थंड लोखंडाला धातू धरत न्हाई बग.” ब्लॉक टॉर्चने तापवलेला होता. आधी स्वच्छ करून जिथे ओतायचं तिथे कथिलाचा पातळ थर दिलेला. मधोमध मँड्रेल (क्रँकच्या जागी ठेवायचा गोल दांडा), कडांना मातीचे बांध. कारागिराने भांड्यात पाइनची काडी बुडवून काढली. काडी तपकिरी झाली, पेटली नाही. तापमान बरोबर. मग पळीने एका दमात धार सोडली. “आता थांबू नगंस,” काका फोनवरून त्या माणसाला मराठीत सांगत होते, आणि तो खरंच थांबला नाही. धार मध्येच तुटली तर दोन थरांत सांधा राहतो आणि बेअरिंग तिथून चिरतं. थंड झाल्यावर हातोडीने हलकं ठोकून कारागिराने आवाज ऐकला. बद्द आवाज आला असता तर धातूने धरलं नाही असं समजायचं. आवाज स्वच्छ होता. काका म्हणाले, “झालं की काम. झोपतो आता.”

मशीनिंग, बॅबिट, व्हॉल्व्हच्या कडक सीट आणि पिस्टन धरून ५,८०० डॉलर झाले. जुळणी मी घरी केली. मेन बेअरिंगमधली फट दीड हजारांश इंच, प्लॅस्टिगेजने (फट मोजायच्या प्लॅस्टिकच्या धाग्याने) तपासून. हेड ६ ला १ कॉम्प्रेशनचं, जुन्या नमुन्यावर नव्याने ओतलेलं. मूळ इंजिनात ते साडेचारच्या आसपास असतं. हेडचे नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, फेऱ्याफेऱ्यांनी ५५ फूट-पौंडांपर्यंत, आणि इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा. कार्ब्युरेटर दोन, स्ट्रॉमबर्ग ८१, सासऱ्यांनी स्वतः खोलून साफ करून मेणकागदात गुंडाळून ठेवलेले. मी त्यांत फक्त नवे गास्केट घातले.

इंजिनाची वाट बघत असताना बॉडीचं काम केलं. बॉडीच्या खालच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी सडल्या होत्या. तयार पट्ट्या मिळतात, पण कापण्याआधी बॉडी चेसीवर बोल्टने कसा आणि दरवाजे लावून बंद करा. दरवाजाची फट सगळीकडे सारखी आली की मगच वेल्डिंग. मोकळ्या बॉडीला वेल्ड केलं तर पुढे दरवाजे बसत नाहीत. पुढे १९३२ चं ग्रिल आणि शेल (रेडिएटरचं कवच), तेही त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. रंग काळा. घासायचं काम मी आणि नवऱ्याने केलं, दुकानाने फक्त फवारणी केली, तरी २,४०० डॉलर. आसनाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, साधं काळं रेक्झिन.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इंजिन पहिल्यांदा सुरू केलं. सहा व्होल्टची बॅटरी, पॉझिटिव्ह टोक चेसीला जोडलेलं. सहा व्होल्टला करंट जास्त लागतो, म्हणून आजच्या गाड्यांच्या बारा व्होल्टच्या केबल पुरत नाहीत. खास जाड केबल घ्या. निम्म्या लोकांचा स्टार्टर यामुळेच रडतो. प्लग काढून आधी तेल फिरवून घेतलं, मग प्लग लावले. धरलं, खोकलं, सुटलं, पुन्हा धरलं आणि मग चालूच राहिलं. सासूबाई बाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या उठून आल्या आणि रेडिएटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या, गरम लागेपर्यंत. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

रस्त्यावर आणायच्या आधी मडगार्डचा प्रश्न सोडवावा लागला. वहीत मडगार्ड नव्हते. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात १९७१ पूर्वीच्या गाडीला मडगार्डमधून सूट आहे, पण रिकामं वजन १,५०० पौंडांपेक्षा कमी असेल तरच. गाडी ट्रेलरवरून सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. वजन १,८०० च्या वर भरलं. लोखंडी बॉडीची रोडस्टर १,५०० च्या खाली आणणं सोपं नाही, त्यामुळे ‘सगळेच बिनमडगार्डची चालवतात’ या सल्ल्यावर जाऊ नका. मी चाकाबरोबर वळणारे छोटे सायकल मडगार्ड लावले. कायद्याप्रमाणे ते टायरच्या पट्ट्याएवढे तरी रुंद हवेत. बोल्टने लावले आहेत, तळ्यावर न्यायच्या वेळी निघतात. इंडिकेटर मात्र १९५८ च्या आधीच्या गाडीला सक्तीचे नाहीत, हात दाखवून चालतं. ब्रेकचा दिवा मी दोन्ही बाजूंना लावलाय. मागच्याला आपण दिसायला हवं.

विमा आधी, नोंदणी नंतर. साधी कंपनी अशा गाडीची किंमत भंगारात धरते. संग्राह्य गाड्यांचा विमा घ्या आणि ‘मान्य किंमत’ लिहिलेली आहे याची खात्री करा, ‘सांगितलेली किंमत’ नव्हे. दोन्ही शब्द सारखे वाटतात, पण अपघातानंतर हातात येणारी रक्कम वेगळी असते. बांधकामाचे फोटो आणि पावत्या त्यांनी मागितल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीला गेले. इंजिनावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक वेगळा का, हा प्रश्न आलाच. रेग ३१ ची प्रत आणि उघड्या चेसीवरचे पट्टीसकट फोटो पुढे ठेवले. त्यांनी वरिष्ठांना दाखवले, थोडा वेळ गेला आणि काम झालं. बॉडी बसवल्यानंतर हे दाखवायचं असतं तर काय झालं असतं, ते वर लिहिलंच आहे. नंबर प्लेट मात्र मला १९३१ च्याच हव्या होत्या. कॅलिफोर्नियात गाडी ज्या वर्षीची त्याच वर्षीच्या मूळ प्लेट लावायची सोय आहे. जोडी हवी, आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाच्या नावावर नको. जोडी सासऱ्यांच्या भिंतीवरच होती. ऐतिहासिक वाहनाची प्लेटही मिळते, ती स्वस्त पडते, पण तिच्यावर गाडी प्रदर्शनं, मिरवणुका अशा कारणांपुरतीच वापरायची असते. मला ही गाडी भाजी आणायलाही न्यायची होती, म्हणून तो पर्याय सोडला. मंजुरीचं स्टिकर मे महिन्यात आलं.

सुरुवातीला ताशी ४० मैलांच्या पुढे पुढची चाकं थरथरायची. टो-इन (पुढची चाकं किती आत वळलेली ते) एक षोडशांश इंचावर आणलं, किंगपिनचे (चाक ज्याभोवती वळतं त्या खिळीचे) बुश पुन्हा तपासले, टायरची हवा दोन्हीकडे सारखी केली. बरंच थांबलं. सप्टेंबरात आम्ही ट्रेलरवर टाकून एल मिराजला गेलो. पळवायला नाही, नुसतं बघायला आणि दाखवायला. धूळ सगळीकडे शिरते, कार्ब्युरेटरवर फडकं बांधून न्या. एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ इंजिनाकडे बघत उभे होते. मग त्यांनी मला स्ट्रॉमबर्गच्या जेटचा (पेट्रोल येतं त्या छिद्राचा) आकार विचारला. मी वहीतला आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली, म्हणजे सासऱ्यांचा आकडा बरोबर होता.

एकूण खर्च माझ्या बाजूने १७,००० डॉलरच्या आसपास. यात सासऱ्यांनी आधी जमवलेले भाग नाहीत. ते आज विकत घ्यायचे तर मला परवडलं नसतं. सगळ्यात मोठा वाटा इंजिनाचा, मग रंग आणि बॉडीचा. अंदाज करताना टायर, काच, केबल, नट-बोल्ट अशा फुटकळ गोष्टींसाठी किमान पाचवा हिस्सा बाजूला ठेवा.

स्टिअरिंगमध्ये अजून थोडा प्ले (ढिलेपणा) आहे. सेक्टर (स्टिअरिंगच्या गिअरचा एक भाग) झिजलाय, हे सासऱ्यांनी लेबलावर लिहूनच ठेवलं होतं. नवा मागवलाय, जानेवारीपर्यंत येईल म्हणतात. तो बसेपर्यंत गाडी ४५ च्या वर नेत नाही, आणि फ्रीवेवर तर नाहीच.